वाचक विचारतात: आखूड नळीच्या रायफलला काडतूस कुठलं घ्यावं?

प्रश्न: नमस्कार काका, मी इंदूरला सुदामानगरला राहतो, बँकेतून रिटायर झालोय. माझा भाचा टेक्सासला नोकरीला आहे, एच-वन-बी वर. त्याच्या ऑफिसातल्या एकाचं तिकडे रँच आहे आणि रानडुकरांनी तिथे नुसता उच्छाद मांडलाय म्हणून हा त्यांच्याबरोबर दोन-तीनदा जाऊन आला, आता म्हणतो मामा मला स्वतःची रायफल घ्यायचीय, छोटी हवी, गाडीतून उतरता-चढता अडकायला नको आणि त्या लाकडी मचाणाच्या खोपटात बसल्या बसल्या वळवता आली पाहिजे, १० इंची नळीची. दुकानदार म्हणतो ३०० ब्लॅकआउट घे, मित्र म्हणतो २२३ घे स्वस्त पडते, आणि मित्राचे वडील म्हणतात ३०८ सोडून दुसरं काही हातात धरू नकोस. डुकरं पण मारायचीत आणि नोव्हेंबरात हरणांचा सीझन लागतो तेव्हा एखादं हरीण पण. तो मला विचारून राहिलाय कारण आमच्या आजोबांकडे बंदूक होती, पण मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा. — अ. दे.

उत्तर: देसाहेब, तुम्ही काडतुसांची तीन नावं लिहिलीत, नळी लिहिलीत, जनावरं लिहिलीत, पण एक गोष्ट राहिली, आणि मी सगळ्यात आधी तीच विचारतो. मचाणापासून जनावर किती लांब उभं असतं? तिकडे बहुतेक ठिकाणी मक्याचा फीडर लावतात, वेळ झाली की त्यातून मका पडतो आणि डुकरं-हरणं तिथे येतात, म्हणजे अंतर आधीच ठरलेलं असतं. भाच्याला सांगा, त्या मित्राला विचारून घे, ८० यार्ड आहे की २००. या एका आकड्यावर अर्धं उत्तर बदलतं. मी खाली १०० यार्डांच्या आसपास धरून लिहितो.

आता नळी आखूड केली की होतं काय ते आधी समजून घ्या, म्हणजे दुकानदार काय म्हणतो ते तुमचं तुम्हालाच पारखता येईल. आपल्याकडे रंगपंचमीच्या गेरीत पितळी पिचकाऱ्या असायच्या आठवतंय ना, दट्ट्या जितका लांब ढकलायला मिळेल तितकी धार लांब जायची. काडतुसात तसंच, फक्त उलट्या बाजूने बघा. चाप ओढला की पुंगळीतली (काडतुसाच्या पितळी नळकांडीतली) दारू एका क्षणात स्फोट पावते असं लोकांना वाटतं, पण ती जळत जाते, त्याचा वायू होतो, आणि तो वायू गोळीला नळीभर ढकलत राहतो. गोळी नळीबाहेर पडली की ढकलणं संपलं. नळी २४ इंचाची असेल तर ढकलायला वेळ मिळतो, १० इंचाची असेल तर दारूतला काही भाग अजून जळायचा असतो तोवर गोळी बाहेर, आणि मग ती राहिलेली दारू नळीच्या तोंडाशी जळते. म्हणजे पैसे दिलेत वेगाचे आणि मिळाला जाळ नि आवाज.

मी एकदा संध्याकाळी अंधार पडता पडता जुनी जंगल कार्बाइन उडवलीये. ही म्हणजे दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये इंग्रजांनी आपल्या नेहमीच्या ३०३ रायफलची नळी २५ इंचांवरून पावणेएकोणीस इंचांवर आणून केलेली रायफल. काडतूस तेच ठेवलं होतं. त्यामुळे तोंडाशी इतका जाळ यायला लागला की त्यांना पुढे नरसाळ्यासारखा एक शंकू लावावा लागला आणि धक्क्यासाठी दस्त्याला रबर बसवावं लागलं, तरी खांदा चांगला दुखतो, माझा दोन दिवस दुखत होता. लांब नळीसाठी बनवलेलं काडतूस आखूड नळीत घातलं की काय होतं ते मला त्या संध्याकाळी कळलं, आणि तीच गोष्ट भाच्याच्या बाबतीत आहे.

आता खोक्यावरचा आकडा. काडतुसांच्या खोक्यावर गोळीचा वेग छापलेला असतो, तो बहुतेक करून २४ इंची टेस्ट नळीतून मोजलेला असतो. २२३ घ्या. ५५ ग्रेनची गोळी, खोक्यावर ३२४० फूट सेकंदाला. (ग्रेन म्हणजे वजनाचं माप, साडेपंधरा ग्रेनचा साधारण एक ग्रॅम.) हीच गोळी १० इंची नळीतून निघते तेव्हा वेग २६०० च्या आसपास राहतो. म्हणजे सहाशेच्या वर फूट गेले. आणि २२३ ची सगळी ताकद वेगातच असते, गोळी साडेतीन ग्रॅमची, बारीकशी, वेग गेला की मागे उरतं काय? कागदावर भोक पाडायला ती १० इंचात पण छानच आहे. पण जाड कातडीच्या, खांद्यावर ढालीसारखा चिवट थर असलेल्या नर डुकरावर मी ती १० इंची नळीतून चालवा असं सांगणार नाही. टेक्सासचा कायदा हरणाला २२३ चालू देतो, तिथे फक्त रिमफायर म्हणजे आपली ती २२ सारखी काडतुसं हरणाला बंद आहेत, पण कायदा चालू देतो म्हणून जनावर लवकर मरतं असं होत नाही ना. मित्र स्वस्त म्हणतो ते खरंय, प्रॅक्टिसला स्वस्तच पडते. मग प्रॅक्टिस मित्राच्या २२३ वर कर म्हणावं.

३०८ चं गणित वेगळं. हे १९५२ सालचं काडतूस, १५० ग्रेनची गोळी, खोक्यावर २८२० फूट. याची नळी कापली तर इंचामागे साधारण २० ते ३० फूट जातात, म्हणजे १६ इंचात ती २६०० च्या पुढे-मागे राहते. आता हिशोब करा, गोळीच्या ताकदीचा हिशोब सोपाय, ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग आणि भागिले ४,५०,२४०, उत्तर फूट-पाउंडात येतं. १५० ग्रेन आणि २६००, येतात साडेबावीसशे फूट-पाउंड. १६ इंची नळीतून एवढं मिळतंय म्हणजे १०० यार्डांवरच्या डुकरालाच काय, मोठ्या हरणाला पण भरपूर झालं. म्हणून मित्राचे वडील म्हणतात त्यात दम आहे. पण १० इंची नळीत ३०८ घालू नका, आत जळायची ती दारू बाहेर जळणार, भाच्याचे कान आणि बाजूला बसलेल्या मित्राचे कान दोन्ही जातील, आणि नवीन माणूस त्या आवाजाला घाबरून गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा चोरतो, मग नेम कुठला राहतो. १४०, १५० डेसिबलला कानाला कायमची इजा होऊ शकते आणि आखूड नळीची ३०८ त्याच्या बरीच वर जाते. कानाला संरक्षण न लावता एक गोळी पण उडवायची नाही, रेंजवर नाही आणि मचाणावर पण नाही.

राहिलं ३०० ब्लॅकआउट. दुकानदाराने हे का सांगितलं ते बघा, कारण हे बनवलंच आखूड नळीसाठी आहे. २२३ ची पुंगळी सुमारे एक सेंटीमीटर कापायची आणि तोंड रुंद करून त्यात ३०८ वाल्या जाडीची गोळी बसवायची, एवढीच कल्पना. अमेरिकेत २०११ मध्ये त्याला रीतसर मान्यता मिळाली. पुंगळी छोटी, म्हणजे दारू थोडी, आणि ती दारू पिस्तुलाच्या जातीची, चटकन जळणारी. वर नळी रुंद, म्हणजे वायूला गोळीच्या बुडाशी दाबायला जागा जास्त. त्यामुळे ९-१० इंचांतच दारू जवळपास जळून संपते. ११० ग्रेनची गोळी १६ इंचात २३५० च्या आसपास निघते आणि ९-१० इंचात २१०० च्या आसपास, म्हणजे नळी सहा इंच कापली तरी नुकसान अडीचशे फुटांचं.

पण थांबा, नुकसान कमी म्हणजे ताकद जास्त असं नाही. १० इंची ब्लॅकआउट तोंडाशीच हजार-अकराशे फूट-पाउंड देते, १०० यार्डांवर ते आठशेच्या घरात येतं. ३०८ च्या निम्मं पण नाही. १०० यार्डांच्या आत, जनावर आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या मागे फुफ्फुसात गोळी बसली तर हरीण पडतं, डुक्कर पण पडतं. १५० यार्डांवर मी ट्रिगरला बोट लावणार नाही. जखमी जनावर काटेरी झुडपात शिरून दोन दिवस तडफडत मरतं, मी अशा एका जनावराचा माग काढायला रात्रभर टॉर्च घेऊन फिरलेलो आहे आणि ते सापडलं नाही, ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणून अंतराबद्दल मी एवढा हट्टाने लिहितोय.

आणि गोळी. काडतूस म्हणजे गोळी नव्हे हे भाच्याला माहीत असेलच, पण खरेदी करताना लोक विसरतात. एकाच ब्लॅकआउटमध्ये चार प्रकारच्या गोळ्या मिळतात. शिकारीची गोळी आत शिरल्यावर फुलासारखी उघडली पाहिजे, आणि उघडायला तिला एक किमान वेग लागतो. ३०८ साठी बनवलेली तांब्याची गोळी २७०० फूट वेगाच्या हिशोबाने बनवलेली असते, ती ब्लॅकआउटच्या १८०० फूट वेगाने आदळली तर न उघडताच आरपार जाऊ शकते, पेन्सिलीएवढं भोक, जनावर पळालं. ब्लॅकआउटसाठी मुद्दाम कमी वेगावर उघडणाऱ्या ११० ग्रेनच्या गोळ्या बनवतात, बार्न्स कंपनीची काळ्या टोकाची त्यातलीच एक. तशीच घ्यायची. स्वस्तातली फौजी पद्धतीची, पूर्ण कवच असलेली गोळी फक्त कागदावर.

एक धोका असाय की मी तो मोठ्या अक्षरांत छापायला सांगणार होतो. ब्लॅकआउट आणि २२३ दोन्हीचं मॅगझिन एकच, बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा) एकच, पुंगळीचं बूडही एकच. २२३ च्या रायफलमध्ये चुकून ब्लॅकआउटचं काडतूस गेलं तर कित्येकदा ते आत बसतं, ट्रिगर ओढला की सुटतंही, आणि मग सात-आठ मिलिमीटरची गोळी साडेपाच मिलिमीटरच्या नळीत अडकून रायफल हातात फुटते. असे अपघात झालेले आहेत. मित्राकडे २२३ आणि भाच्याकडे ब्लॅकआउट, दोघं एका गाडीत, एका बॅगेत मॅगझिनं, हा अगदी अपघाताला बोलावण्याचा प्रकार आहे. वेगळ्या रंगाची मॅगझिनं, वेगळी बॅग, आणि एका दिवशी रँचवर एकाच जातीची काडतुसं न्यायची. हे त्याच्याकडून कबूल करून घ्या, मामा म्हणून तुमचा तेवढा हक्क आहे.

आता कायद्याचं, आणि इथे मला भाच्याची जास्त काळजी वाटते. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल तर ती वेगळ्या वर्गात जाते, तिची केंद्र सरकारकडे नोंदणी करून आधी मंजुरी घ्यावी लागते, मगच हातात घ्यायची. पूर्वी वर २०० डॉलर टॅक्स होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, पण नोंदणी आणि मंजुरी आहे तशीच आहे, टॅक्स गेला म्हणून नियम गेला असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. ती रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची तर पुन्हा आधी परवानगी. आणि समजा पुढे त्याला कोलोरॅडोला हरणं मारायला जावंसं वाटलं, तिथे मोठ्या जनावरांसाठी रायफलची नळी कमीत कमी १६ इंच लागते आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड लागतात. म्हणजे १० इंची ब्लॅकआउट दोन्ही ठिकाणी नापास.

दुसरी गोष्ट व्हिसाची. एच-वन-बी सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाईच आहे, काही मोजक्या सवलती सोडून, आणि त्यातली एक सवलत म्हणजे चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. हे ऐकून सोपं वाटेल, पण उलट इथेच मुलं फसतात. टेक्सासमध्ये २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. मित्र म्हणेल, अरे डुकराला कशाला हवंय लायसन्स. मित्राला नको असेल, तो तिथला नागरिक आहे, भाच्याला हवं, कारण त्याच्याकडे ते लायसन्स नसेल तर रायफल हातात धरणं हाच मोठा गुन्हा होतो, आणि त्यात नोकरी, व्हिसा, पुढचं ग्रीन कार्ड सगळंच जाऊ शकतं. ते लायसन्स दर वर्षी संपतं हे पण लक्षात ठेवायचं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्स पण करावा लागतो, तो मनापासून करावा, नुसता सर्टिफिकेटसाठी नाही. आणि रायफल विकत घेण्याआधी एकदा तिथल्या वकिलाला कागद दाखवावेत, दोन-तीनशे डॉलर गेले तरी चालतील.

मग माझं मत काय. मी त्याच्या जागी असतो तर १६ इंची नळीची, साधी बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करायची) ३०८ घेतली असती. एकूण लांबी ३६ इंचांच्या आसपास येते, खोपटात आरामात वळते, वेगळ्या नोंदणीची भानगड नाही, डुक्कर आणि हरीण दोन्हीला पुरून उरते, काडतुसं तिकडे गावोगावी मिळतात, आणि उद्या मित्राच्या रँचवर २०० यार्डांवरून मारायची वेळ आली तरी कमी पडत नाही. धक्का जास्त वाटला तर सुरुवातीला १२५ ग्रेनची हलकी, कमी धक्क्याची काडतुसं मिळतात, त्यावर हात बसवावा. १० इंचांचाच हट्ट असेल, नोंदणी करायची तयारी असेल आणि फीडर १०० यार्डांच्या आत असेल, तर दुकानदार बरोबर सांगतोय, ३०० ब्लॅकआउट, ११० ग्रेन, उघडणारी गोळी. आणि कुठलीही घेतली तरी आपल्याच नळीतून क्रोनोग्राफवर वेग मोजून घ्यावा, रेंजवर कोणाकडे तरी तो असतोच, दहा मिनिटांचं काम आहे. मग खोक्यावर काय छापलंय त्याच्याशी घेणंदेणं राहत नाही.

प्रश्न: काका, ब्लॅकआउटची सबसॉनिक काडतुसं सायलेन्सर लावून उडवली तर आवाजच येत नाही म्हणतात, मग शिकारीला तीच चांगली ना? बाकीची जनावरं पण पळणार नाहीत. — एक विद्यार्थी, राऊ

उत्तर: नाही. सबसॉनिक म्हणजे गोळीचा वेग आवाजाच्या वेगाच्या खाली, साधारण ११२५ फुटांच्या खाली ठेवायचा, म्हणजे हवेत तो चाबकासारखा कडाका होत नाही. त्यासाठी गोळी जड करतात, २२० ग्रेन, आणि वेग १०१० च्या आसपास. वरचं सूत्र लावून बघ, पाचशे फूट-पाउंड पण पूर्ण येत नाहीत. पिस्तुलापेक्षा थोडं बरं एवढंच. शिवाय एवढ्या कमी वेगात बऱ्याच गोळ्या उघडतच नाहीत, आणि गोळी इतकी हळू जाते की ५० यार्डांचा नेम लावून १०० वर मारलंस तर ती सहा-आठ इंच तरी खाली जाते, अंतराचा अंदाज जरा चुकला की पोटात लागणार. आवाज कमी होतो हे खरं, पण जनावराच्या वाट्याला काय येतं ते बघ. हरणावर मी ती वापरू देणार नाही. सायलेन्सर लावून नेहमीची वेगवान गोळी उडवली तरी वीस-तीस डेसिबल कमी होतातच, कानाला तेवढा आराम पुरे, कानाचं संरक्षण मात्र तरीही लावायचंच.

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई न्यूझीलंडला हॅमिल्टनजवळ असतात, आता तिकडचे कायमचे रहिवासी आहेत. जावयांना तिथल्या जंगलात हरणाच्या शिकारीचा नाद लागलाय, त्यांच्याकडे २२ इंची नळीची ३०८ आहे आणि ती कापून १४ इंच करून पुढे सायलेन्सर लावायचं म्हणतात. मुलीलाही शिकायचंय पण तिचा खांदा नाजूक आहे. कापावी का? आणि शिकार म्हटलं की मला पाप वाटतं, ते जाऊ दे, पण तुम्ही सांगा. — वि., तिलकनगर, इंदूर

उत्तर: ताई, पाप वाटणं मी समजू शकतो, माझी आई पण शेवटपर्यंत बोलली नाही माझ्याशी या विषयावर. पण तिकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. न्यूझीलंडमध्ये हरीण मुळातलं नाहीच, गोऱ्यांनी बाहेरून नेऊन सोडलं, आणि तिथल्या झाडोऱ्याला ती खूप नडतात. आपल्या मध्य प्रदेशातल्या सांबराच्याच जातीचं सांबर तिथे १८७० च्या दशकात श्रीलंकेतून नेलं, आणि हिमालयातला ताहर १९०४ मध्ये माउंट कुकजवळ सोडला. तो तिकडे इतका माजला की सरकारच त्याची संख्या कमी करत असतं. तुमच्या जावयांना सरकारी जंगलात शिकारीसाठी तिथल्या वनखात्याची परवानगी लागते, ती फुकट मिळते.

नळी कापायला हरकत नाही, जंगलातली शिकार म्हणजे ३० ते ८० मीटरची, झाडी दाट, लांब नळी प्रत्येक वेलीत अडकते. २२ वरून १४ म्हणजे आठ इंच, २०० फूट सेकंदाला जातील, एवढ्या अंतरावर हरणाला तो फरक कळत नाही. ३०८ बदलायची गरज नाही. तिथे सायलेन्सरला वेगळी परवानगी लागत नाही, आणि लावायलाच हवा, १४ इंची ३०८ उघडी उडवणं म्हणजे कानाचा नाश. एकच गोष्ट फुटपट्टी घेऊन मोजायला सांगा, त्यांच्या कायद्यात एकूण लांबी ७६२ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की ती रायफल राहत नाही, पिस्तुल धरलं जातं आणि मग मोठी अडचण. १४ इंच नळी आणि साधा लाकडी दस्ता असेल तर लांबी बरीच वर राहते, पण घडीचा किंवा छोटा दस्ता बसवला तर मोजूनच घ्यायचं. आणि काम गनस्मिथकडूनच, घरी आरी लावून नाही, कारण नळीचं तोंड गोळी सोडतानाची शेवटची जागा, तिथली कडा जरा तिरकी झाली तर गोळी दर वेळी वेगळीकडे.

मुलीसाठी मात्र मी वेगळी रायफल सुचवेन, ७ एमएम-०८ या काडतुसाची. ही ३०८ चीच पुंगळी, तोंड जरा अरुंद केलेली, १९८० पासून कारखान्यात बनते, १४० ग्रेनची गोळी, धक्का ३०८ पेक्षा सौम्य आणि हरणाला पूर्ण पुरेशी. १८ इंची नळी घ्या म्हणावं. लोक बायकांना सरसकट २४३ सुचवतात, धक्का अगदी कमी म्हणून, पण तीही ३०८ च्याच पुंगळीची आहे आणि नळी फार बारीक, म्हणजे तेवढीच दारू आणि बाहेर पडायला वाट अरुंद, अशी काडतुसं आखूड नळीत जास्त वेग गमावतात. सायलेन्सरने धक्का पण कमी होतो, आणि दस्त्याची लांबी तिच्या हातांप्रमाणे करून घेतली तर खांदा निम्मा वाचतो. नवऱ्याच्या मापाच्या रायफलने शिकणारी मुलगी चार गोळ्यांत कंटाळते, मी बघितलंय.

प्रश्न: आमची शेती देपालपूरकडे आहे. आजोबांची ३१५ बोअरची रायफल माझ्या नावावर लायसन्सवर आहे. नीलगाई हरभऱ्याचं पार वाटोळं करतात. रायफल खूप लांब आणि जड वाटते, ट्रॅक्टरवर नेता येत नाही. एक कारागीर सहा इंच नळी कापून देतो म्हणतो. कापली तर काडतूस कुठलं वापरू? — एक शेतकरी

उत्तर: दादा, कापू नका. काडतुसाचा प्रश्न नंतरचा, तो इथे येतच नाही. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टचं कलम ६ सरळ सांगतं की वेगळा परवाना असल्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. तो कारागीर कापून पैसे घेऊन मोकळा होईल, कोर्टात तुम्ही उभे राहाल आणि आजोबांच्या वेळेपासून असलेलं लायसन्स पण जाईल. आणि नीलगाय, तिच्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, पिकाचं नुकसान करते म्हणून आपल्या मनाने गोळी घालता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ११ खाली चीफ वाइल्ड लाइफ वॉर्डन किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, तर आधी वनविभागाच्या रेंज ऑफिसात लेखी अर्ज द्या, पंचनाम्याचे फोटो जोडा, नुकसानभरपाईचाही अर्ज त्याच वेळी करा. वेळ लागतो, चकरा मारायला लावतात, मला माहीत आहे, हरभरा तेवढा वेळ थांबत नाही हे पण माहीत आहे, आणि तुमचा राग खोटा नाही. तरीही.

तुमच्या रायफलबद्दल थोडं सांगतो कारण ती जपण्यासारखी आहे. ३१५ हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या ८ एमएम मॅनलिखरचं. इंग्रजांनी फौजेचं ३०३ आपल्या लोकांना बंद केलं, मग त्याच्या जागी हे चाललं आणि पुढे इशापूरच्या फॅक्टरीने याच्या रायफली बनवल्या. पुंगळी मोठी, गोळी जड, लांब नळीच्या हिशोबाने भरलेली दारू, सहा इंच कापली असती तर जंगल कार्बाइनचं वर लिहिलं तेच झालं असतं, शिवाय पुढची माशी (नेम धरायची खूण) कापलेल्या तुकड्याबरोबर गेली असती ती वेगळीच. ट्रॅक्टरवर न्यायचा प्रश्न असेल तर चांगला जाड कॅनव्हासचा खोळ शिवून घ्या आणि सीटच्या मागे उभी अडकवायला चामड्याचा पट्टा. रायफल भरलेली कधीच नेऊ नका. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर नळीतून तेलाचा फडका फिरवा, खोळात ठेवून महिनोन् महिने विसरू नका, खोळ ओल धरतो. आणि आजोबांच्या वेळची काडतुसं पेटीत असतील, पितळ हिरवं पडलेली, तर ती उडवून बघायची नाहीत, लायसन्सचं पुस्तक बरोबर घेऊन डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा आणि पावती घ्या.